उजेडात बघा

डिमेलो मॅडमनी पहिल्याच दिवशी रंगचक्र कापायला लावलं.
बारा पाकळ्या. समोरासमोरचे विरोधी,
शेजारशेजारचे सलोख्याचे.
मी वहीत उतरवून घेतलं, आणि मनात म्हटलं,
हे तर जांभळी नाक्यावर
बाबा एकतीस वर्षं करतायत, चक्राशिवाय.

त्यांच्या पाठीमागे फळ्यांवर तागे:
चिंतामणी, अबोली, आमसुली,
श्रीखंडी, आणि श्रीखंडीचं केशर काढून घेतलेला मोतिया.
बाई पदर काउंटरवर टाकते,
बाबा न बघता मागे हात घालतात,
तुकडा ओढून म्हणतात, ट्यूबखाली नको, उजेडात बघा.
मग दोघं फुटपाथवर,
रिक्षांच्या हॉर्नमध्ये,
एका कापडावर दुसरं धरून उभी.

माझं पहिलं खरं काम, वागळे इस्टेटमधलं डायलिसिस सेंटर.
डॉक्टर खोपकर म्हणाले, लाल सोडून काहीही.
चार रात्री स्क्रीनवर
पाच-पाच चौकोन मांडले, मोडले.
निळा स्वतःच आजारी दिसायचा.
पोपटी नको तितका आशावादी.
राखाडी बरा होता,
पण निळ्याशेजारी ठेवला की कोमट व्हायचा
आणि पिवळ्याशेजारी ठेवला की गारठायचा.
तोच राखाडी. तोच आकडा.
मॅडम म्हणाल्या, रंग एकटा कुठे असतो गं?

त्याच आठवड्यात बाबांच्या उजव्या डोळ्याचं
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
पट्टी निघाली त्या संध्याकाळी
आळीपाळीने एकेक डोळा मिटून
ते हॉलची भिंत बघत बसले.
"या दोन भिंती आहेत," म्हणाले.
डाव्यातून चहा सांडलेली,
उजव्यातून नीळ घातलेली.

मग मोजायला लागले.
किती वर्षं साचत आलं असेल हे? सहा? आठ?
लग्नसराईतले किती ब्लाउज एकेका छटेने चुकले असतील,
केळशीकर बाईंचा जांभळा,
नौपाड्याच्या त्या उंच मुलीचा मोरपंखी...
"कुणी परत आलं नाही."
थोड्या वेळाने पुन्हा, "कुणी परत आलं नाही गं,"
आणि मला कळेना
यात हायसं किती, वाईट किती.

सकाळी मी पाच पुठ्ठे त्यांच्या हातात दिले.
गॅलरीत गेले. उजवा मिटून पाहिले, डावा मिटून पाहिले,
मग दोन्ही उघडून बराच वेळ.
कडेचा पुठ्ठा काढून खिशात घातला
आणि त्या जागी ठेवली
दुकानातली आमसुली चिंधी, बोटभर.
"बाबा, लाल नको म्हणालेत."
"लाल कुठाय? लाल वाळला की हा होतो.
चार-चार तास पडून राहायचं माणसाने,
नजर टेकवायला काही नको?"

आकडा नाही पाठवला डॉक्टरांना.
चिंधीच पाठवली पाकिटातून,
वर लिहून, की ट्यूबखाली नको.

डाव्या डोळ्याची तारीख वीस आहे.
बाबा विचारतायत,
थोडी पुढे ढकलता येईल का.