रुमालाखालचा भाव

बाप हळदीचा भाव रुमालाखाली करायचा.
अडत्याचा हात, खरेदीदाराचा हात,
वर मळका रुमाल.
बोटं धरली की आकडा, मूठ दाबली की सौदा.
डोळसांनाही तिथं काही दिसायचं नाही,
म्हणून सांगलीचा तो बाजार मला आपला वाटायचा.

ती रीत कुणी लिहिली नव्हती.
मग उघड बोली आली, फळ्यावर भाव आले.
बरंच झालं, लबाडी कमी झाली.
फक्त फळा मला वाचता येत नव्हता.

आता फळा फोनात.
बोट फिरवलं की आतली बाई बोलते:
बटण. बटण. नाव नसलेलं बटण.
कुठलं विकायचं, कुठलं माघारीचं,
तिलाही ठाऊक नाही.

कंपनीत गेलो, विश्रामबागेत, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
साहेब म्हणाले, नियम आहे हो,
पण तो सरकारी साइटला.
आम्हाला नुसत्या मार्गदर्शक सूचना. ऐच्छिक.
ऐच्छिक हा शब्द त्यांनी माझ्यापुढं ठेवला
रिकाम्या कपासारखा, बशीसकट.

सरकारी साइटही उघडली.
सुगम असल्याचं प्रमाणपत्र तिच्यावर लावलंय म्हणे.
बाई म्हणाली: चित्र.
पुढं काहीच म्हणाली नाही.

त्रिशला मगदूम तिथं नवीन होती.
जिन्यात मला गाठून म्हणाली, आण्णा,
नियमातली कलमं त्याच सूचनांवरनं उतरवलीत,
साहेबांनी दोन्ही वाचलेलं नाही.
डबा खायच्या सुट्टीत तिनं अकरा बटणांना नावं दिली.
विका. थांबा. माघार.
त्या हंगामात नऊ पोती मी माझ्या बोटानं विकली.
रात्री झोप आली नाही, उगाच.

मग तिला पुण्यात नोकरी लागली.
ॲप नवं झालं.
बटण. बटण.
तिचा राग नाही, तिनं किती पुरायचं?
भलेपणाचीही बदली होते.
शिक्क्याची होत नाही, पण शिक्का
पाटी लावून जेवायला जातो.

काल तक्रार लिहिली, सरकारी साइटवरच.
शेवटच्या चौकटीत अडलो:
चित्रातले आकडे टाका.
चहावाला इर्शाद मोठ्यानं वाचायला लागला.
म्हटलं, ओरडू नको, बोटं धर.
सवयीनं मी हातावर रुमाल टाकला.
चार बोटं. दोन. परत चार.
मग बराच वेळ नुसता त्याचा ओला तळवा.
शून्य असावं.