काश नावाचं गाव

जिनिंगच्या मालकानं मला तुर्कस्तानात धाडलं,
नव्या मशीनचे रोलर शिकायला, सोळा दिवस.
मधल्या शनिवारी येनर फिटरनं मोटारीत घातलं,
रात्रभर डोंगर चढले, उतरले,
उजाडताना त्यानं काच खाली केली
आणि एकच शब्द बोलला : देनिझ.
म्हणजे समुद्र.
मी एक्केचाळीस वर्षांचा. पहिल्यांदा पाहत होतो.

गावाचं नाव काश.
आपल्याकडे काश म्हटलं
की पुढे काहीतरी न झालेलं येतं.
त्यांच्याकडे काश म्हणजे भुवई.
समोरचं बेट तिचा डोळा, येनर म्हणाला,
पण तो डोळा दुसऱ्या देशाचा आहे.
असेना, मी म्हटलं,
दिसतो तर इथूनच.

चढाच्या गल्ल्या, अंगावर येणारी बोगनवेल,
आणि भर बाजारात, दुकानांच्या मधोमध,
दगडी थडगं. दोन हजार वर्षांहून जुनं.
त्याच्या सावलीत मांजर,
मांजरीच्या सावलीत आइस्क्रीमचा थेंब.
कुणी हटवलं नाही म्हणे.
आमच्या दर्यापूर रोडवरचा पार
रुंदीकरणात दोन तासांत गेला, मी तिथंच उभा होतो.

खडकांवर उघडी माणसं वाळत पडलेली,
एका अंगानं लाल झाली की पलटी मारायची,
जशा आपल्या धाब्यावरच्या मिरच्या.
मी फुलपँट गुडघ्यावर गुंडाळून,
बूट हातात धरून,
कुणाच्या अंगावर सावली पडू नये असा
त्यांच्यातून गेलो.

शब्द ओळखीचे निघत राहिले :
हवा, दुकान, साबण, पनीर, दुनिया.
कापूस मात्र पामुक.
तो मला आधीच पाठ होता.

दुपारी होडी. तळाला काच बसवलेली.
खाली पाहा, येनर म्हणाला.
खाली गाव होतं.
भूकंपात खचून पाण्यात गेलेलं.
भिंती, रांजणांच्या खापऱ्या, त्यांवरून फिरणारे मासे,
आणि किनाऱ्याच्या खडकात कोरलेला जिना :
चार पायऱ्या वर, सात पाण्यात,
पुढच्या हिरव्या होत होत गेल्या.
होडीतली सगळी वाकून फोटो काढत होती.
मी टोपी काढली. का काढली, माहीत नाही.

*

आई तुरीची डाळ पाखडत होती.
‘मंग? काय पायलं तिथं?’
बुडालेलं गाव पाहिलं, मी म्हटलं.
सूप थांबलं.
‘कोनत्या धरनात गेलं?’
धरण नव्हतं आई. भूकंप.
‘लोकायले प्लाट भेटले काय मंग?’
मला कसं माहीत असणार.
दोन हजार वर्षं झाली, म्हटलं.
‘आपल्याले तेवीस झाले,’ ती म्हणाली,
आणि सूप पुन्हा सुरू.

औषधाच्या बाटलीत थोडं पाणी आणलं होतं,
कपड्यांच्या घड्यांत लपेटून.
तिनं करंगळी बुडवली, जिभेला लावली.
‘इतकंच? हे तं आपल्या हिरीचंच हाय.’
खरं आहे. नवं गाव खारपाणपट्ट्यात बसवलं,
डाळ शिजायला अर्धा दिवस लागतो.
इथं कधीकाळी समुद्र होता म्हणून असं,
असं शाळेत बनसोड मास्तर सांगायचे.
आम्ही हसायचो.
‘तुळशीले नोको टाकू,’ आई म्हणाली, ‘मरन बिचारी.’
बाटली मग फडताळात गेली, रॉकेलच्या चिमणीशेजारी.

रात्री लाईट गेली.
अंगणात बाजेवर पडल्या पडल्या
अंधारातून तिचा आवाज आला :
‘पायऱ्या किती मनल्या तू?’
चार वर, सात खाली. पुढच्या मोजता आल्या नाहीत.
बराच वेळ ती बोटांवर काहीतरी मोजत होती,
बांगड्यांवरून कळत होतं.
‘आपल्या घाटाले नऊ होत्या.
दहावी तुया बाप बांधनार होता,
दगड आनून ठेवला होता त्यानं.’

कुठं ठेवला होता, हे मी विचारलं नाही.
चुलीवर उद्याची डाळ
अजून शिजत होती.