डावीकडच्या तारा

टेपवर पुरुष आहेत अकरा.
खोकल्यांवरून मोजलेत मी.
हेरिंगच्या थव्यांनी समुद्र पांढरा पडायचा
तेव्हाचे हे, जाळं ओढताना गायलेले.
गायलेले कसले, पुरवून पुरवून वापरलेले:
एका दमात
एक हात दोर.

संस्थेचं पत्र आलं,
कोतो, शामिसेन आणि शाकुहाचीसाठी
सात मिनिटांची मांडणी करून द्यावी.
सात मिनिटांत तेव्हा
जाळ्याचा काठसुद्धा दिसला नसता.

दिली करून.
तांडेलाचा आवाज शाकुहाचीला,
कारण बांबूलाही धाप लागते.
शामिसेनच्या खर्जाला जवारी ठेवली अंमळ जास्त,
होडीची फळी कुरकुरते तेवढी.
आणि कोतोच्या तेराही तारांना
पाणी.
(सगळेच कोतोला पाणी देतात. मीही दिलं.)

टेपमध्ये दर चौथ्या ओळीनंतर
काहीतरी किरटं, लांबचं, खरखरीत.
मशीनवरचा ओनोदेरा म्हणाला,
सीगल असतील. पुसून टाकू?
म्हटलं, पूस.

तालीम तोमारिसे गावातच ठेवली,
मच्छीमार संघाच्या जुन्या गोदामात.
रॉकेलचा स्टोव्ह, बाहेर बर्फ,
बोटं गरम होईतो तारा गार.
हान्यू किसाबाई, वय त्र्याण्णव,
चाकांची ढकलगाडी दाराशी लावून
येऊन बसल्या, कुणी बोलावलं नव्हतं.

वाजवत होतो तेव्हा त्यांचे हात हलत होते.
ओढत नव्हते मात्र.
अंगठा आत, झटका, बाजूला.
अंगठा आत, झटका, बाजूला.

संपलं. आम्ही शहाण्या मुलांसारखे
शाबासकीची वाट बघत बसलो.
त्या म्हणाल्या,
"आणि आमचं कुठे गेलं?"

तुमचं म्हणजे?

"त्यांनी ओढले. मग मासे चिरले कुणी?
चाळीसजणी होतो किनाऱ्यावर.
यंत्रवाला आला शहरातून, म्हणाला,
बायांनो, जरा डावीकडे सरका, त्या वायरीपलीकडे,
तुमच्यानं आवाज बिघडतो.
सरकलो.
गप्प नाही बसलो.
हात चालायचे तर तोंड नको चालायला?"

आणि गायल्या. गोड मुळीच नव्हतं.
अडीच स्वर, तेही मात्रेच्या मागे,
शब्द तांडेलाच्या वाकड्या पायांबद्दल,
आणि पायांवरून वर सरकत
अशा ठिकाणी पोचले की
आमच्या साठीतल्या कुजीचे कान लाल झाले
नि शाकुहाची त्यानं उगाच फडक्यानं पुसायला घेतली.

रात्री ओनोदेराला फोन.
पुसलेलं परत येत नाही, तो म्हणाला,
पण मूळ टेप आहे, लाव.
लावली.
चाळीस सीगल.
हसत होते.

कोतोवर प्रत्येक तारेखाली एक घोडी असते.
घोडीच्या उजवीकडे सूर, तिथे छेडायचं.
डावीकडे नुसतं दाबायचं, उजवीचा सूर वर चढावा म्हणून.
डावी बाजू कुणी लावत नाही.
उजवीची सोय पाहून घोडी जिथे उभी राहील
तिथून उरेल ते डावं.

मियोशी वाकानाला म्हटलं, दर चौथ्या ओळीनंतर
घोड्या ओलांड. तिकडे छेड.

"तिकडे सूरच नाही."

माहीत आहे.

"किती उशिरा येऊ?"

हातातला मासा टाकून होईल तेवढ्या.

आता नऊ मिनिटं होतात. संस्थेनं कळवलंय,
दोन मिनिटांचे पैसे मिळणार नाहीत.

कार्यक्रमाला किसाबाई पुढच्या रांगेत होत्या,
ठेवणीतला करडा किमोनो घालून.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
त्यांनी नाही.
मांडीवरच्या त्या रेशमालाच
दोन्ही हात पुसले नीट,
अंगठा जरा जास्त वेळ.