दक्षिणमुखी

इब्रीच्या पुढे डांबर संपतं.
मग खुणेला एक गंजकी टाकी आणि एक झाड.
घाफ म्हणतात इथे.
जवळ जाऊन पानं चुरगाळली तेव्हा कळलं,
ही तर शमी.

हातभर वाळू, खाली खडक.
पहिल्या दिवशी चारच खांब उभे राहिले
आणि मोतालेबच्या तळहाताची साल गेली.
ड्रिल आणलं, तेही तापून बसलं.
नटबोल्ट हातात धरवेनात,
म्हणून ते पाण्याच्या बादलीत,
आणि एकेक काढायचा
मासा काढावा तसा.

कोन तेवीस अंशांचा.
आमच्या राहुरीला एकोणीस धरतात.
म्हणजे घरापासून मी
चार अंश वर आलोय,
निदान कागदावर.

इंजिनाच्या खोलीच्या उंबऱ्यावर
नोदाद बलोच बसून असायचा.
सव्वीस वर्षं त्यानं ते डिझेलचं इंजिन चालवलं.
इंजिनाकडचा कान त्यातच गेला.
दुसरा आहे, कामापुरता.

‘ह्यांची तोंडं तिकडे का? किबला तर पश्चिमेला.’
सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हटलं.
एवढंच म्हटलं.
दिव्याची वात आम्ही दक्षिणेला करत नाही,
वर्षातून एकदाच करतो, धनत्रयोदशीला,
कणकेचा दिवा, यमासाठी,
आणि तो ठेवून येताना आई बजावायची,
मागे बघू नकोस,
हे त्याला कुठल्या भाषेत सांगणार?

छत्तीस पाट्या.
सगळ्यांची तोंडं तिकडे.

गुरुवारी अरबाब आला. बटण त्यानंच दाबलं.
खोकला नाही, धूर नाही, थरथर नाही.
फलजच्या कोरड्या नाळेतून
आधी मुंग्या पळाल्या,
मग खजुराची एक बी तरंगत निघाली,
तिच्यामागे पाणी.
अरबाबनं मोबाइल उंच धरला.
नोदादनं चांगला कान पंपाकडे केला,
बराच वेळ तसाच उभा राहिला,
मग मला हळूच विचारलं,
‘बंद है?’

संध्याकाळी पिकअप आली त्याला न्यायला.
इंजिनाचं हँडल त्यानं तेलकट फडक्यात गुंडाळून घेतलं.
कुणी काही बोललं नाही,
लोखंड कुणाचं ते.
फाटकापर्यंत जाताना
त्यानं दोनदा मागे बघितलं.

पाट्यांखाली सावली धरून एक शेळी बसली होती.
अर्थिंगचा एक खड्डा अजून राहिला होता.
मोतालेब पहार घेऊन पुढे गेला.