खिडकी नव्हती

गाण्याच्या पहिल्याच ओळीत एक खिडकी आहे.
तिच्यातून डेल्मरला कापसाचं शेत दिसतं, वर चंद्र,
आणि ओक्लाहोमाभर, जत्रांत, बारमध्ये, ट्रकच्या रेडिओपाशी
माणसं त्या खिडकीशी येऊन गप्प होतात.

खिडकी नव्हती.
सोळा वर्षं मी त्याच्या उजव्या हाताला बसते,
स्टील गिटार समोर घेऊन. मला ठाऊक आहे.
धुलाईघराचा वाफेचा पाइप तेवढा भिंतीतून जायचा
आणि रात्री अडीचला खोकायचा.
खिडकी नॅशव्हिलच्या माणसाने बसवली.
चष्मा पुसत म्हणाला, पाइपावर कोण रडेल?

गिटारही नव्हती.
हे गाण्यात नाही.
ओटिस प्युरिफॉयने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
पेन्सिलीने सहा रेघा ओढल्या, मग आडव्या पट्ट्या,
आणि याची बोटं धरून तीन कॉर्ड गिरवून घेतले,
पोराकडून पाटीवर ग म भ न गिरवून घ्यावं तसे.
चुकलं की मनगटावर टिचकी.
"जाड तार नीट दाबली नाहीस."
पेन्सिलीची तार!
पण त्याला ऐकू यायचं म्हणे.
चार वर्षं दोघे वाजवत बसले,
मुक्याने.
घामाने पुठ्ठा मऊ पडला की नवा पुठ्ठा.

सुटल्यावर मावसबहिणीने खरी गिटार हातात ठेवली.
पहिलाच झंकार उठला आणि हा दचकून
दाराकडे बघायला लागला.
हे सांगताना तो हसतो. दर वेळी, त्याच जागी.

दुसऱ्या कडव्यात भूक आहे.
भूक नव्हती. ट्रकचा गिअरबॉक्स गेला होता
आणि विल्मा ट्रॉटच्या पशुखाद्याच्या दुकानात
शनिवारचा गल्ला होता.
त्याने ढकललं. ती पडली.
कोपर तेव्हापासून सरळ होत नाही.

गेल्या सप्टेंबरात, गुरांच्या लिलावाच्या मांडवात,
तिसऱ्या रांगेत लिंबू सरबताचा कागदी पेला
एका वाकड्या हातात दिसला.
दुसरं कडवं आलं, डेल्मर गायलाच नाही.
डावा हात तारांवर फिरत राहिला, बिनचूक,
उजवा मांडीवर पडून.
लोक ओरडले, माईक गेला, माईक!
पोरगा वायरी चाचपत धावला.
मीही तारांवरची सळई उचलली.
किती वेळ, माहीत नाही. कुठेतरी एक वासरू हंबरलं.

नंतर ती मंचामागे आली. बसली नाही.
"माझ्या दुकानाला खिडकी होती," म्हणाली.
"तुला ट्रकमधून उतरताना पाहिलं मी.
वाटलं, कोंबड्यांचं खाद्य हवं असेल.
पोतं काढायला वळले होते."
आणि रिकामा पेला त्याच्या हातात देऊन गेली.

ओटिस अजून आतच आहे. जन्मठेप.
तिथल्या रेडिओवर गाणं लागतं. त्याचं पोस्टकार्ड आलं होतं:
तिसरा कॉर्ड अजून उशिरा पडतो तुझा.

दुसऱ्या रात्री फोर्ट स्मिथला
डेल्मरने पुन्हा खिडकी गायली, चंद्र गायला.
माणसं गप्प झाली.
मी सगळ्यात खालच्या तारेवर सळई ओढली, खरखरीत,
पाइप खोकतो तशी.
त्याने मान वळवली नाही.
पण पुढची ओळ त्याने जरा थांबून घेतली.