भुज

गणपत गल्लीतले निम्मे बोर्ड माझ्या हातचे,
खाली बारीक सही: शट्टुप्पा, कंग्राळी.

त्या दिवशी शाळेत लसीची रांग.
मी पहिलीच्या पोरांच्या बाकड्यावर, गुडघे हनुवटीला,
सिस्टर उभी. सकाळपासून उभीच.
बाही वर सरकेना,
कॉलर ओढून खांदा उघडा केला मीच.
सुई दोन बोटं वर बसली.
दोन बोटांनी काय होतंय
हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको.

ताप दोन दिवसांत गेला. हात राहिला.
कुशीवर वळलो की कुणीतरी
बिजागरीत खडा घालून दार ओढालंय.
बायको शर्ट घालते,
आधी दुखरा हात, मग दुसरा,
धाकट्याला घालायची तसा.

होसमनी वकील म्हणाले,
फुकटच्या सुईला ग्राहक नसतो,
आयोगात नको, दिवाणीत जाऊ.
मी मराठीत लिहून दिलं:
दंडात द्यायची ती खांद्यात दिली.
कारकुनानं कन्नड केलं.
कन्नडात खांद्याला भुज म्हणतात
आणि त्याला आपली भुजाही ठाऊक,
म्हणून दंडालाही भुजच लिहिलं त्यानं.
अर्ज झाला असा:
भुजात द्यायची सुई भुजात दिली.
तीन तारखा त्यावर गेल्या.
होसमनी हसले. मीही हसलो,
मग खांदा धरून गप्प बसलो.

आता दुरुस्ती केलीय. दंडाला तोळु.

सिव्हिलच्या डॉक्टरनं कोन मोजला.
जिथं हात थांबतो
तिथं बोर्डाची खालची ओळ येते, मराठीची.
वरचं कन्नड मोठं अक्षर
पोरगा शिडीवर चढून काढतो.
त्याचा 'ळ' अजून पोटात दबतो,
मी खालनं ओरडतो, फुगव, फुगव.

सिस्टर साक्षीला आली होती.
व्हरांड्यात उभी, इथंही बसायला जागा नव्हती.
हळूच विचारलं तिनं, अजून नोवु?
मी म्हणालो, रात्री.
तिनं पिशवीतली बाटली पुढं केली,
मी डाव्या हातानं घेतली.

कागदावर एक जागा कोरी आहे, भरपाईची.
आकडा तुम्ही सांगा, म्हणाले होसमनी.
दिवसाला किती बोर्ड, फुटाला किती रुपये,
किती वर्षं अजून उभा राहिलो असतो शिडीवर,
काही जुळेना.
सवयीनं जागाच मोजली अंगठ्यानं.
मध्यम अक्षरात
सात आकडे बसतील,
कडेला थोडं मोकळं सोडून.