दीड घर

पोस्टकार्ड अकरा दिवसांनी आलं, व्होरूहून,
एका कोपऱ्यात डाग : दुधाचा की बर्फाचा, सांगता येत नाही.
एंदेल तामिक तिथल्या लोणी कारखान्यात बॉयलर सांभाळतो,
सहा वर्षांत मला त्याच्याबद्दल एवढंच कळलंय.
तो खुशाली लिहीत नाही. चार आकडे लिहितो.
या वेळी आठ, सात, आठ
आणि शेवटी पाच.
किंवा सहा.
पोट मिटता मिटता शाई फुटलीय.

डाव नुकता कुठे सुरू झालेला.
माझं वजिराचं प्यादं दोन घरं, त्याचंही दोन.
मी घोडा काढला.
आणि यानं पार कडेचं, हत्तीपुढचं प्यादं हलवलं!
सहा असेल तर एक घर :
म्हाताऱ्यानं झोपण्याआधी कडी तपासावी तशी खेळी,
वाईट नाही, चांगलीही नाही.
पाच असेल तर दोन घरं, आणि मग
हा माणूस आजारी आहे, किंवा प्यायलेला,
किंवा मला काहीतरी दिसत नाहीये.

मी रेशमाच्या गिरणीत प्रत ठरवते.
धागा बोटांतून जातो, गाठ लागते,
आणि मला सांगावं लागतं
गाठ आपोआप पडली की कुणी मारली.
वीस वर्षं सांगतेय. क्वचितच चुकते.

खालच्या मजल्यावरचे अंब्रोसी आले,
ट्रकच्या कारखान्यातून निवृत्त, उंटावरचे शहाणे,
पटाकडे बघून म्हणाले, "लामारा, फुकटचा डाव मिळाला तुला.
राजाच्या घराची भिंत त्यानं स्वतःच पाडली.
तुझा उंट आता कुठेही बसो, हटकणार कोण?"
मी म्हटलं, एफचं प्यादं हटकेल.
"हटकेल, आणि राजाला सर्दी होईल."
त्यांनी माझी अर्धी म्चादी खाल्ली आणि गेले.

बरोबरच आहे त्यांचं.
रात्री रिओनीचा आवाज वाढला, वर कुठेतरी बर्फ वितळत असेल.
मी कागदावर दोन रकाने केले.
सहाच्या खाली भराभर लिहिलं.
पाचाच्या खाली : जागा वाया. वेळ वाया. मध्य मोकळा सोडला.
मग बराच वेळ काही नाही.
मग, बारीक अक्षरात : पण माझं जीचं प्यादं
आता पुढे यायला बिचकेल.
हे मी खोडलं.
पुन्हा लिहिलं.

नियम सांगतो, आकडा वाचता येत नसेल तर विचारा.
एक कार्ड जायला अकरा दिवस, यायला अकरा,
आणि गैरवाचनाचा दंड त्याच्या घड्याळावर.
विचारायचं काय पण?
"तुम्ही शहाणे आहात की दुसरे काही?"

पटावर ते प्यादं मी दोन घरांच्या मधल्या रेघेवर ठेवलं.
घोडा अडीच घरं जातो, हे पोरासोरांनाही माहीत.
हे प्यादं दीड घर गेलं.
धूळ पुसताना त्सियालानं ते सरळ करायला हात घातला,
मी ओरडलेच तिच्यावर.

उंट काढला. एफच्या चौथ्या घरात.
पाच असो वा सहा, तिथे तो शोभतो.
घोडं अडलं ते उत्तर लिहिताना :
आपली खेळी लिहिण्याआधी समोरच्याची परत लिहावी लागते.
आठ, सात, आठ...
मी टाक दाबला, पोट मिटत आणलं,
आणि शाईचा एक थेंब पडू दिला.
वीस वर्षांत पहिल्यांदा प्रत न ठरवता माल पाठवला.

तेविसाव्या दिवशी कार्ड आलं.
स्वच्छ. शाळेतल्या मुलानं काढावेत तसे आकडे :
आठ, पाच, आठ, चार.

म्हणजे पाचच होता.
आणि ते प्यादं थांबलेलंही नाही, आणखी एक घर पुढे,
माझ्या घोड्याच्या तोंडाशी,
मागे मोकळ्या वाटेवर हत्ती, म्हणून घोडा तोंड लावत नाही.

मी पुन्हा सगळं मोजलं. अंब्रोसींना बोलावलं नाही.
खेळी वाईटच आहे. अजूनही वाईट आहे.
दुसऱ्या रकान्यात मी तसं लिहिलं,
आणि खाली, गिरणीच्या वहीत लिहिते तसं :
गाठ मारलेली.